दिरहम म्हणजे न पडलेला रुपया

(ऑडिओ भागाचं हे लिखित रूप. बोलताना अडखळलो ते काढलंय, आकडे नीट लिहिलेत. बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

मी रामवाडीहून बोलतोय, पेणच्या. मधेच एसटीचा हॉर्न ऐकू आला तर समजून घ्या; हायवे आणि डेपो जवळ असले की साउंडप्रूफिंगचा काही उपयोग नसतो.

गेल्या भागानंतर एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सात-आठ जणांनी विचारला. एकाने शारजाहून, एकाने दोह्याहून, आणि रोह्याच्या एका मुलीने, जिचे वडील तिकडे आहेत. प्रश्न असा: "दिरहम चोवीसच्या पुढे गेलाय. आता पैसे पाठवू, का अजून थांबू?"

आपल्या पट्ट्यात हा प्रश्न काही शेअर बाजारवाल्यांचा नाही. पेण, रोहा, मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन, कुठेही जा, दर काही घरांमागे एक माणूस तिकडे असतोच. मस्कतला असला तरी लोक म्हणतात "दुबईला आहे". घराचा स्लॅब कधी पडणार हे त्या दरावर ठरतं. आमच्या शेजारच्या काकूंना रेपो रेट म्हणजे काय विचारलंत तर त्या हसतील, पण आजचा दिरहम किती, हे त्या मोबाईल न बघता सांगतात.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, अर्थतज्ज्ञ नाही. पण आकड्यांची मालिका समोर आली की ती मागे मागे कुठपर्यंत जाते हे बघायची खोड आहे. रुपया-दिरहमची मालिका मागे नेत गेलो तर ती १९६६ मध्ये एका गमतीशीर जागी पोहोचते: एकास एक. म्हणजे एक रुपयाला एक. आजचा भाग त्याबद्दल.

आधी एक छोटी गोष्ट: हा दर स्वतंत्र नाहीच

मोबाईलवर दिरहमचा आलेख बघताना वाटतं की कुठेतरी मोठा बाजार भरलाय आणि लोक रुपये देऊन दिरहम घेतायत, त्यातून दर ठरतोय. तसं नसतं. आमच्या भाषेत सांगायचं तर ते डिराइव्ड फील्ड आहे; दुसऱ्या दोन आकड्यांवरून काढलेलं.

संयुक्त अरब अमिरातीने आपला दिरहम डॉलरला बांधून ठेवलाय. १ डॉलर म्हणजे ३.६७२५ दिरहम. नोव्हेंबर १९९७ पासून हा आकडा तसाच आहे. त्याआधी १९८० पासून तो ३.६७१ होता, म्हणजे जवळजवळ तोच. तेल पडलं, २००८ चं संकट आलं, कोविड आला, आकडा जागचा हलला नाही. प्रोग्राममध्ये आपण जसा एखादा आकडा कायमचा लिहून टाकतो, तसा.

त्यामुळे दिरहमचा दर काढायला एकच भागाकार लागतो. डॉलर ८५ रुपये असेल तर ८५ भागिले ३.६७२५, म्हणजे २३.१४. २०२५ च्या डिसेंबरमध्ये डॉलर नव्वदच्या पुढे गेला, तेव्हा दिरहम साडेचोवीस झाला. दुबईत त्या दिवशी काही घडलं म्हणून नव्हे. दिरहम "वाढला" असं आपण म्हणतो, पण तो जागेवरच उभा असतो. हलतो तो आपला रुपया.

सौदीचा रियाल ३.७५ ला बांधलेला, कतारचा ३.६४ ला. कृती तीच.

एके काळी तिकडे रुपयाच चालायचा

आता मागे जाऊ. व्हॉट्सअॅपवर एक फॉरवर्ड फिरतो, की १९४७ साली एक रुपयाला एक डॉलर मिळायचा. ते खोटं आहे. तेव्हा डॉलर सुमारे ३ रुपये ३० पैशांना होता, आणि सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडासोबत रुपयाचंही अवमूल्यन झालं तेव्हा तो ४ रुपये ७६ पैशांवर गेला. हा ४.७६ लक्षात ठेवा. तो पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

पण एक रुपयाला एक दिरहम, हे मात्र जवळपास खरं आहे. त्याचं कारण असं की तेव्हा दिरहम नव्हताच. कुवेत, बहरीन, कतार, दुबई, अबू धाबी, मस्कत, सगळीकडे भारतीय रुपया चालायचा. ब्रिटिशांच्या काळात आखाताचा राजकीय कारभार हिंदुस्थान सरकारमार्फत चाले. तिथलं टपालसुद्धा भारतातून चालायचं, भारतीय तिकिटांवर तिथली नावं छापून. आखातातले मोती मुंबईच्या बाजारात विकायला यायचे, आणि इथून तांदूळ, कापड, लाकूड तिकडे जायचं. व्यवहार मुंबईशी, मग चलनही मुंबईचंच.

भारत स्वतंत्र झाला तरी हे चालूच राहिलं. म्हणजे आपल्या रिझर्व्ह बँकेच्या नोटा अशा देशांत फिरत होत्या ज्यांच्यावर आपला कुठलाच कायदा चालत नव्हता. ऐकायला अभिमानाचं वाटतं. हिशेबाच्या बाजूने बघितलं तर ते एक मोठं भोक होतं.

तोळ्याचा हिशेब

हे भोक कसं होतं ते मी तुम्हाला आकड्यांत दाखवतो, कारण नुसतं "सोन्याची तस्करी" म्हटलं की डोळ्यांसमोर फक्त सिनेमा येतो.

पन्नासच्या दशकात सोन्याचा आंतरराष्ट्रीय अधिकृत भाव होता औंसाला ३५ डॉलर. एक औंस ३१.१ ग्रॅम. जुना तोळा ११.६६ ग्रॅम. म्हणजे तोळाभर सोनं बाहेर पडायचं सव्वातेरा डॉलरच्या आत. ४.७६ ने गुणा: साधारण साडेबासष्ट रुपये. तेच सोनं मुंबईत तोळ्याला शंभराच्या वर विकलं जायचं, कारण भारतात आयातीवर बंदी होती आणि लग्नं काही थांबत नव्हती.

आता माल इकडे आला, मुंबईत रुपयांत विकला गेला. त्या रुपयांचं पुढे काय? एरवी तस्कराची अडचण इथेच असते. रुपये बाहेर नेऊन करणार काय, परदेशात ते घेणार कोण? पण आखातात रुपया हेच चलन! नोटांच्या थप्प्या पडावातून दुबईला न्यायच्या, तिथल्या बँकेत भरायच्या. ती बँक या नोटा आपल्या रिझर्व्ह बँकेकडे पाठवणार आणि बदल्यात पौंड मागणार. कायद्याने आपल्याला ते द्यावेच लागायचे.

म्हणजे तस्करीच्या सोन्याचं बिल शेवटी कोण भरत होतं? आपली परकीय गंगाजळी. आणि १९५७-५८ मध्ये ती आधीच कोरडी पडत आली होती, दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या यंत्रांची आयात डोक्यावर होती.

यावर उपाय म्हणून मे १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि आखातासाठी वेगळ्या नोटा छापल्या गेल्या. १, ५, १० आणि १०० रुपयांच्या. चित्रं साधारण तीच, पण रंग वेगळे आणि नंबरच्या आधी झेड हे अक्षर. किंमत भारतीय रुपयाइतकीच, पण भारतात चालणार नाहीत. हा "गल्फ रुपया". (याच सुमाराला हज यात्रेकरूंसाठीही वेगळ्या नोटा होत्या, १० आणि १०० च्या, एच-ए अक्षरांच्या. आज संग्राहक त्यांच्यासाठी वाटेल ती किंमत मोजतात. कुणाच्या आजोबांच्या पेटीत सापडली तर रद्दीत घालू नका.)

आमच्या धंद्यातले लोक याला काय म्हणतील सांगू? फोर्क. एकाच कोडची दुसरी प्रत केली. पहिल्या दिवशी दोन्ही हुबेहूब सारख्या. फरक पुढे पडत जातो.

६ जून १९६६

आखातातले देश तेलाने श्रीमंत होत होते. दुसऱ्याच्या चलनावर किती दिवस काढायचे? कुवेतने १९६१ मध्ये स्वतःचा दिनार आणला. १ दिनार म्हणजे १ पौंड, म्हणजे १३ रुपये ३३ पैसे. बहरीनने १९६५ मध्ये दिनार आणला आणि सरळ १० रुपयांना १ असा भाव लावला. बहरीनमध्ये जुनी माणसं अजून १०० फिल्सला "रुबिया" म्हणतात ते त्यामुळेच. दहा रुबिया म्हणजे एक दिनार. मस्कतला गेलेल्यांना आणखी एक शब्द माहीत असेल: रियालचे हजार भाग, त्यातला एक म्हणजे "बैसा". आपला पैसाच तो.

दुबई आणि कतार मात्र १९६६ पर्यंत गल्फ रुपयावरच होते. दोघांनी मिळून नवं चलन काढायचं ठरवलं होतं, तयारी चालू होती. तेवढ्यात आपल्याकडे ६ जून १९६६ उजाडला.

१९६५ चं युद्ध होऊन गेलेलं, पाऊस दगा देऊन गेलेला, धान्य अमेरिकेहून बोटीने यायचं, आणि मदत हवी असेल तर रुपयाचा भाव खाली आणा, असा जागतिक बँकेचा लकडा. इंदिरा गांधींना पंतप्रधान होऊन सहा महिनेही झाले नव्हते. अर्थमंत्री होते सचिंद्र चौधरी. एका फटक्यात डॉलर ४.७६ वरून ७.५० रुपयांवर नेला. म्हणजे रुपयाची किंमत ३६.५ टक्क्यांनी उतरली. तोच धक्का उलट बाजूने बघितला तर डॉलर ५७.५ टक्क्यांनी महाग झाला. दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त पाया वेगळा. पेपरात कोणता आकडा वापरलाय यावरून बातमी लिहिणाऱ्याचा कल ओळखता येतो, असं माझं मत.

इथे देशात केवढा गदारोळ झाला ते आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत थोडंफार आहे. तिकडे काय झालं ते नाही. दुबईतल्या एखाद्या दुकानदाराच्या गल्ल्यातला गल्फ रुपयाही त्याच दिवशी उतरला. दिल्लीतल्या निर्णयाने. त्याला कुणी विचारलं नव्हतं, त्याच्या देशात दुष्काळ नव्हता.

साहजिकच सगळे बाहेर पडले. दुबई आणि कतारने मधल्या काळापुरता सौदी रियाल वापरला, अबू धाबीने बहरीनचा दिनार घेतला. मग त्याच वर्षी "कतार-दुबई रियाल" आला. ओमान तेवढा रुपयावर राहिला, तोही १९७० पर्यंत.

आणि आता ज्यासाठी मी हा सगळा भाग करतोय ती गोष्ट. तेव्हा चलनाची किंमत सोन्याच्या वजनात सांगायची पद्धत होती. अवमूल्यनाआधीचा भारतीय रुपया म्हणजे ०.१८६६२१ ग्रॅम सोनं. नवा कतार-दुबई रियाल किती ठेवला? ०.१८६६२१ ग्रॅम. सहाव्या दशांशापर्यंत तोच! म्हणजे त्यांनी नवं चलन काढलं नाही, कालचा रुपयाच पुढे चालू ठेवला, फक्त नाव बदललं.

पुढे डिसेंबर १९७१ मध्ये अमिराती देश बनला, मे १९७३ मध्ये दिरहम आला. किती सोन्याचा? पुन्हा ०.१८६६२१ ग्रॅम. १९७८ मध्ये त्यांनी दिरहमचा अधिकृत भाव नाणेनिधीच्या एसडीआर या हिशेबी एककाशी जोडला: १ एसडीआर बरोबर ४.७६१९ दिरहम. आला ना ४.७६ परत?

तर दिरहम म्हणजे ६ जून १९६६ ला न पडलेला रुपया. फोर्कच्या एका प्रतीत तो दिवस घडला, दुसरीत घडला नाही. त्या दिवशी सकाळी दोघं सारखे होते. संध्याकाळी एक रियाल-होणारा-रुपया आपल्या १ रुपये ५७ पैशांबरोबर झाला, आणि २०२५ संपताना साडेचोवीसबरोबर.

यावरून "बघा, आपण किती वाया गेलो" असा निष्कर्ष काढणारे कमेंटमध्ये येतील, म्हणून आत्ताच सांगतो: तिकडे थोडी माणसं आणि जमिनीखाली तेल. तेल विकलं जातं डॉलरमध्ये. ज्याची सगळी कमाई डॉलरमध्ये आहे त्याला चलन डॉलरला बांधणं सोपं आणि सोयीचं. आपल्याला तेल विकत घ्यायचं होतं. एकाच व्यवहाराच्या दोन बाजू.

मालिका भरताना

मी घरी एक छोटा प्रोग्राम लिहिला, सालवार डॉलरचा सरासरी दर घ्यायचा आणि त्याला त्या सालच्या दिरहमने भागायचं. इंटरनेटवरचे तयार आलेख बहुतेक वीस-पंचवीस वर्षांपलीकडे जात नाहीत, त्यामुळे मागचं असंच बांधावं लागतं. ढोबळ आकडे सांगतो. १९७३ मध्ये दिरहम दोन रुपयांच्या आसपास. १९८० मध्ये २.१०, म्हणजे सात वर्षांत जवळजवळ ढिम्म. १९८५ मध्ये ३.३७. १९९० मध्ये ४.७७. हो, जवळजवळ तोच आकडा, पण हा निव्वळ योगायोग.

१९९० आणि ९१ ला जरा थांबावं लागेल. तिथे आपल्या घरांतल्या गोष्टी आणि देशाचा ताळेबंद एकमेकांना येऊन भिडतात.

२ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत घेतलं. तोपर्यंत कुवेती दिनार म्हणजे जगातल्या भारी चलनांपैकी एक. इराकने जाहीर केलं की कुवेती दिनार आणि इराकी दिनार एकाच किमतीचे. नंतर कुवेती दिनार बंदच केला. वर्षानुवर्षं साठवलेले पैसे ज्यांनी तिथे रोख किंवा तिथल्या बँकेत ठेवले होते, त्यांच्या हातात काही दिवसांत कागद उरला. भारत सरकारने अम्मानमार्गे सुमारे १ लाख ७० हजार लोकांना विमानाने परत आणलं. त्यात कोकणातली माणसंही होती. कुवेत सुटल्यावर, १९९१ मध्ये, तिथल्या सरकारने नव्या नोटा काढल्या आणि इराकने पळवलेल्या नोटांच्या मालिका रद्द केल्या.

त्याच युद्धाने इथे काय केलं? तेल भडकलं, म्हणजे डॉलर जास्त लागायला लागले. आणि कुवेत-इराकमधून घरी येणारा पैसा थांबला, म्हणजे डॉलर कमी यायला लागले. दोन्ही एकदम. १९९१ च्या उन्हाळ्यात देशाकडे जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरते डॉलर उरले. आधी २० टन सोनं विकलं, मग जुलैत जवळजवळ ४७ टन बँक ऑफ इंग्लंडकडे तारण म्हणून गेलं. १ आणि ३ जुलैला दोन टप्प्यांत रुपया खाली आणला: डॉलर २१ वरून २६ च्या आसपास. दिरहमच्या भाषेत, पावणेसहावरून सातच्या पुढे. तीन दिवसांत.

म्हणून "गल्फवाले पैसे पाठवतात" हे वाक्य मला कधी छोटं वाटत नाही. तो पैसा थांबला तेव्हा काय झालं हे एकदा बघून झालंय.

१९९२ चा आकडा शोधाल तर गोंधळ होईल, कारण त्या वर्षी दोन दर होते. मार्च १९९२ पासून वर्षभर नियम असा होता की आलेल्या परकीय चलनातलं ४० टक्के सरकारी दराने आणि ६० टक्के बाजारभावाने बदलायचं. कुठली साइट कुठला दर दाखवते कोण जाणे. मार्च १९९३ मध्ये एकच दर झाला, डॉलर ३१.३७, दिरहम साडेआठ. पुढे २००० मध्ये १२.२४.

आणि मग एक विसरलेला काळ. २००७ मध्ये रुपया वधारला. डॉलर चाळिशीच्या खाली गेला, दिरहम अकराच्याही खाली. सात वर्षांपूर्वीपेक्षा कमी! ज्याचा पगार दिरहममध्ये तोच आहे त्याच्या घरी पोहोचणारे रुपये कमी झाले, आणि दुबईत घरभाडं मात्र वाढत होतं. त्या वर्षी तिथे बांधकाम मजुरांचे संप झाले, त्यात या घसरलेल्या डॉलरचाही हात होता. त्यामुळे "दिरहम काय, वाढतच जाणार" असं कुणी म्हणालं की मी २००७ दाखवतो.

त्यानंतर २०१३ च्या ऑगस्टमध्ये एकदम अठराच्या वर उसळी, मग जरा खाली, मग हळूहळू वर. २०२४ ची सरासरी २२.८०. आणि २०२५ संपताना साडेचोवीस.

मग श्रीमंत झालो का?

२००७ ची सरासरी ११.२६, २०२४ ची २२.८०. बरोबर दुप्पट. हजार दिरहमचे तेव्हा ११,२६० रुपये यायचे, आता २२,८००. घरी आनंद. पण याच सतरा वर्षांत भारतातली महागाई ढोबळ मानाने तिप्पट झाली. तेव्हा ११,२६० मध्ये जेवढा किराणा, सिमेंट, शाळेची फी यायची, तेवढ्यासाठी आता साधारण ३३-३४ हजार लागतात. म्हणजे ज्याचा दिरहममधला पगार वाढला नाही, त्याच्या घरी दोन तृतीयांशच किंमत पोहोचते. आणि तिकडे हेल्पर, ड्रायव्हर, सेल्समन यांचे पगार वर्षानुवर्षं हलत नाहीत, हे तुम्ही मला सांगण्याची गरज नाही.

माझ्या मते या सगळ्या विषयातला हाच सगळ्यात कडू भाग आहे. दर वाढला की पाठवणाऱ्याला वाटतं पगारवाढ झाली. मालकाने काहीच दिलेलं नसतं. रुपया पडल्याने जे वाढलं, ते रुपया पडल्यानेच महाग झालेल्या पेट्रोल आणि तेलाच्या डब्यात परत जातं.

थांबू का पाठवू

आता मूळ प्रश्न. दर उद्या कुठे जाईल हे मी सांगणार नाही, जो सांगतो त्याच्यापासून लांब राहा. पण थांबण्याची किंमत काढता येते.

समजा तुमच्याकडे २,००० दिरहम आहेत आणि दर २४.५०. म्हणजे ४९,००० रुपये. समजा घरी बांधकामाचं कर्ज आहे, वर्षाला १२ टक्के. हे ४९,००० आज कर्जात भरले तर महिन्याचं ४९० रुपये व्याज वाचतं. महिनाभर थांबलात तर हे ४९० गेले. ते भरून यायला दिरहम किती वाढायला हवा? ४९० भागिले २,०००, म्हणजे साडेचोवीस पैसे. दर महिन्याला.

आता इतिहास काय सांगतो बघा. १९६६ च्या एकास एकपासून साडेचोवीसपर्यंत, वर्षाला सरासरी साडेपाच टक्के. २००७ ते २०२४ घेतलं तर सव्वाचार टक्के. म्हणजे २४.५० च्या दरावर महिन्याला साधारण नऊ ते अकरा पैसे. साडेचोवीस नाही. कधीतरी एखाद्या महिन्यात पन्नास पैसे वाढतो आणि तोच महिना सगळ्यांच्या लक्षात राहतो. ज्याच्या घरी १२ टक्क्यांचं कर्ज आहे, सावकाराचं किंवा एजंटला द्यायला काढलेलं असेल तर त्याहून जास्त, त्याने दराची वाट बघणं म्हणजे चार मिळवायला बारा घालवणं.

कर्ज नसेल, घाई नसेल, तर चित्र वेगळं. मग थोडे थोडे करून दर महिन्याला पाठवा, सरासरी दर मिळतो आणि डोक्याला ताप नाही. एनआरई खात्यात ठेवलेत तर त्यावरचं व्याज भारतात करमुक्त आहे. तिकडे बिनव्याजी खात्यात दिरहम राखून ठेवण्यापेक्षा बरं.

आणि ज्या पैशांसाठी लोक महिनाभर थांबतात ते कधी कधी काउंटरवरच हरवतात. मोबाईलवर दिसतो तो मधला दर. एक्स्चेंजवाला देतो तो त्याहून कमी. २४.५० च्या जागी २४.२० दिला तर २,००० दिरहममागे ६०० रुपये गेले, वर फी वेगळी. "झिरो फी" लिहिलेलं असेल तर दर आधी बघा. दोन-तीन ठिकाणी विचारायला पाच मिनिटं लागतात.

हवाल्याचं पण विचारलंय एकाने. जास्त दर मिळतो म्हणतात. तो बेकायदा आहे, हे एक. दुसरं, पैसे बुडाले तर तक्रार कुणाकडे? आणि तिसरं, उद्या इथे घर घ्यायला, कर्ज काढायला गेलात की बँक विचारते पैसे आले कुठून, तेव्हा दाखवायला काही नसतं.

रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत परदेशातून येणाऱ्या पैशांत महाराष्ट्राचा वाटा सगळ्यात मोठा, २०.५ टक्के आहे. केरळ त्याच्या जरा मागे. आखाती देशांचा एकूण वाटा मात्र घटत चाललाय: २०१६-१७ मध्ये जवळजवळ ४७ टक्के होता, तो ३८ वर आला. अमेरिकेतल्या माझ्यासारख्या इंजिनिअर मंडळींचा वाढला. महाराष्ट्राच्या आकड्याने मी फार हुरळून जात नाही, त्यात मुंबई-पुण्याचा भाग मोठा असणार असं मला वाटतं. म्हसळ्याचा वेगळा आकडा कुणी काढत नाही.

शेवटी, जुलै २०२३ मध्ये आपली रिझर्व्ह बँक आणि अमिरातीची मध्यवर्ती बँक यांनी रुपया आणि दिरहममध्ये थेट व्यवहार करण्याचा करार केला, आणि ऑगस्टमध्ये इंडियन ऑइलने अबू धाबीच्या कंपनीकडून घेतलेल्या तेलाचे पैसे रुपयांत दिले. म्हणजे डॉलरला मधून बाजूला काढायचं. चांगलं आहे. पण दिरहम डॉलरला बांधलेला आहे तोवर दराचं गणित तेच राहतं, फक्त दलाली थोडी वाचते.

कुवेतवाल्यांसाठी एक राहिलं. तुम्हाला हा भागाकार चालणार नाही. कुवेतने मे २००७ मध्ये एकट्या डॉलरची दोरी सोडली आणि दिनार अनेक चलनांच्या टोपलीला बांधला. टोपलीत काय किती आहे ते सांगत नाहीत. त्यामुळे रुपया जागेवर असतानाही तुमचा दर थोडा हलू शकतो, युरो-डॉलरच्या चालीने. ओमान आणि बहरीनचं मात्र सरळ आहे: डॉलरचा दर घ्या, ओमानसाठी ०.३८४५ ने भागा, बहरीनसाठी ०.३७६ ने. पुढच्या भागात कतारवरून आलेले प्रश्न घेतो, ते साठलेत बरेच.